गावातला सौर प्रकल्प नेमका कुठे अडतो? जमीन, परवानग्या आणि राजकीय जोखीम यांचा मराठवाड्यापुरता विचार

मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या बातम्या चार महिने सलग वाचल्या, तर सौर प्रकल्पांविषयी दोन प्रकारच्या बातम्या हटकून सापडतात. एका प्रकारात अमुक वीज उपकेंद्राच्या परिसरातील शेतकऱ्यांना आता दिवसा वीज मिळू लागल्याचे वृत्त असते, तर दुसऱ्या प्रकारात ग्रामस्थांनी प्रकल्पाचे काम बंद पाडले, गायरानावरील मोजणी रोखली किंवा खांब उभे करू दिले नाहीत असे लिहिलेले असते. दोन्ही बातम्या खऱ्या असतात आणि बहुतेक वेळा एकाच योजनेच्या असतात. ही योजना म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. वीज उपकेंद्रांच्या आसपास छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देणे हा तिचा हेतू. ती २०१७ साली सुरू झाली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला आणि आता सुमारे १६ हजार मेगावॅटचे लक्ष्य ठेवून ती राज्यभर राबवली जात आहे. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ साली मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे, तीन मेगावॅट क्षमतेचा सुरू झाला.

योजना अजून न पोहोचलेल्या भागात शेतीपंपांना थ्री-फेज वीज आळीपाळीने आठ तास दिवसा किंवा दहा तास रात्री मिळते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या माणसाला दिवसाच्या विजेचे मोल कोणी सांगण्याची गरज नसते. तरीही याच माणसाच्या गावात काम अडते. ते का अडते आणि अडण्याची शक्यता आधी कशी ओळखता येते, हे जमीन भाड्याने देऊ पाहणारा शेतकरी, ग्रामपंचायतीचा सदस्य आणि प्रकल्प उभारू पाहणारा स्थानिक उद्योजक या तिघांनाही समजले पाहिजे.

प्रकल्पाचे साधे गणित

एक मेगावॅटच्या प्रकल्पाला साधारण चार एकर जमीन लागते. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॅटमधून वर्षाला सुमारे १६ लाख युनिट वीज निघते. वीज खरेदीचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास धरला, तर पाच मेगावॅटच्या प्रकल्पाचे वर्षाचे उत्पन्न दोन कोटी ४० लाख, म्हणजे महिन्याला २० लाख रुपये होते. योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ होते. पाच मेगावॅटला लागणाऱ्या २० एकरांचे, म्हणजे आठ हेक्टरांचे, पहिल्या वर्षाचे भाडे दहा लाख रुपये होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. प्रकल्प उभा राहिल्यावर एक महिना बंद पडला किंवा एक महिना उशिरा सुरू झाला, तर साऱ्या जमीनमालकांच्या दोन वर्षांच्या भाड्याइतकी रक्कम हातची जाते. बँकेचे व्याज आणि करारातील मुदत चुकल्याचा दंड यात अजून धरलेलाच नाही. म्हणून अशा प्रकल्पात सर्वांत महाग वस्तू जमीन नसते, पॅनेलही नसतात, वेळ असते. काम थांबवण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, त्याच्या हातात प्रकल्पाची नाडी असते. ही ताकद एखाद्या विधवा बहिणीच्या न्याय्य हिश्श्यातून येते, पिढ्यान्पिढ्या गायरान कसणाऱ्या कुटुंबाकडून येते, किंवा गुंडगिरी करणाऱ्या टोळीकडूनही येते.

राजकीय जोखीम म्हणजे काय

राजकीय जोखीम म्हटले की मुंबईतले सरकार पडणे, मंत्री बदलणे, धोरण फिरणे असे काही डोळ्यांपुढे येते. गावपातळीवरच्या प्रकल्पासाठी तिचा अर्थ अधिक सोपा आहे: हे काम कोण थांबवू शकतो, कोणत्या कारणाने थांबवू शकतो आणि किती दिवस थांबवू शकतो, या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजेच राजकीय जोखीम. परवानग्यांची जोखीम तिच्याहून वेगळी असते. तिच्यात कागद कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहील एवढाच हिशेब असतो. मात्र गावात या दोन्ही जोखमी एकमेकींत गुंतलेल्या असतात, कारण कागद अडवणारा अर्ज बहुधा गावातूनच आलेला असतो.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा जाणता शेतकरी आधी दात मोजतो, मग बैल चालवून पाहतो आणि शेवटी विकणाऱ्याच्या गावचा एखादा माणूस गाठून हा बैल नांगराला मान देतो का, याची चौकशी करतो. दात पाहणे म्हणजे आपल्या विषयातली कागदपत्रे, चालवून पाहणे म्हणजे जागेची पाहणी, आणि तिसरी चौकशी म्हणजे राजकीय जोखमीची तपासणी. प्रकल्प उभारणाऱ्या बहुतेक कंपन्या पहिल्या दोन गोष्टी चोख करतात. तिसरी मात्र स्थानिक ‘लायझनिंग’वाल्यावर, म्हणजे कार्यालयातून कामे काढून देणाऱ्या मध्यस्थावर सोडून देतात. अडचणीची सुरुवात इथूनच होते.

परवानग्या किती लागतात?

सामान्य समजुतीपेक्षा कमी. जमिनीवरील सौर प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागत नाही, आणि प्रदूषण नियंत्रणाच्या वर्गवारीत तो पांढऱ्या गटात, म्हणजे जवळपास निरुपद्रवी उद्योगांत, मोडतो. अकृषिक परवानगीच्या, म्हणजे एनएच्या, बाबतीत शासनाने अशा प्रकल्पांना सवलत दिली आहे. महावितरणची जोडणीसाठी मान्यता, ग्रामपंचायतीचे ना-हरकत प्रमाणपत्र, भाडेपट्ट्याची नोंदणी, वीज सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकांची तपासणी, आणि जागा वनविभागाच्या नोंदीत असेल तर केंद्रीय वन कायद्याखालील मंजुरी ही मुख्य पायऱ्यांची यादी झाली. वनजमिनीचा भाग वगळला तर यातले बहुतेक टप्पे काही महिन्यांत पार पडतात. मग प्रकल्प वर्षभर अडतो तो कशामुळे? उत्तर जमिनीच्या इतिहासात आहे, आणि मराठवाड्याचा हा इतिहास उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे.

सातबारा वाचताना

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथली जमीनविषयक कायद्यांची घडण पश्चिम महाराष्ट्राहून निराळी आहे. कुळांच्या बाबतीत इथे १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. इनामांसाठी १९५४ चा हैदराबाद इनामे रद्द करण्याविषयीचा कायदा आहे, आणि खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यात), मदतमाश (उदरनिर्वाहासाठी) यांसारख्या नावांनी दिलेल्या जमिनींच्या नोंदी आजही जुन्या कागदांतून वर येतात. वक्फच्या जमिनीही या भागात मोठ्या प्रमाणावर आहेत. राज्याच्या वक्फ मंडळाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे, ते उगीच नव्हे.

म्हणून सातबारा हातात घेतल्यावर नावाच्या रकान्यापाशी थांबू नये. आधी भूधारणा पद्धत पाहावी. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर जमीन साधारणपणे मालकाला मोकळेपणाने देता येते. ‘वर्ग २’ असेल तर ती इनामाची, कुळकायद्यात मिळालेली, सरकारने भूमिहीनाला दिलेली किंवा सीलिंगमध्ये, म्हणजे कमाल जमीन धारणा कायद्यात, अतिरिक्त ठरून वाटलेली असू शकते, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय केलेला भाडेपट्टा पुढे अंगाशी येऊ शकतो. गावची अशी सर्व वर्ग २ ची जमीन गाव नमुना १-क मध्ये नोंदलेली असते. तलाठ्याकडचा हा एक नमुना पाहिला तरी पुढची बरीच कटकट वाचते. त्यानंतर ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचावा. कुळाचे नाव, सोसायटीचा किंवा जिल्हा बँकेचा बोजा, विहिरीतील हिस्सा, न्यायालयातील दाव्याची नोंद हे सारे तिथे दाटीवाटीने लिहिलेले असते, आणि घाईत असलेला माणूस नेमका तोच भाग सोडतो.

किनवट आणि माहूरच्या भागात आणखी एक तपासणी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे भाडेपट्ट्यानेसुद्धा सरकारी परवानगीवाचून देता येत नाही, आणि अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेचे स्थान सल्ल्यापुरते राहत नाही. अशा ठिकाणी नोटरीसमोर केलेला कागद काही कामाचा नसतो, मग त्यावर कितीही अंगठे असोत.

वारसांचा प्रश्न तर प्रत्येक गावात आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, हे आता सर्वांना माहीत आहे, पण पुष्कळ सातबाऱ्यांवर बहिणींची नावे लागलेली नसतात किंवा लागली तरी त्यांना विचारण्याची पद्धत नसते. कोरडवाहू जमीन वर्षाला दोन पोती तूर देत होती, तोवर लातूरला किंवा पुण्याला दिलेल्या बहिणीने काही मागितले नाही. त्याच जमिनीला एकरी ५० हजार भाडे सुरू झाल्यावर ती आपला हिस्सा मागते, तेव्हा भावकीत तिला लोभी ठरवले जाते. ती लोभी नाही. तिचा हक्क आधीपासून होता. फक्त त्याला आता रोख किंमत आली. कंपनीने भावाबरोबरच बहिणीचीही सही पहिल्याच दिवशी घेतली असती, तर हा दावा उभाच राहिला नसता.

गायरान: कागदावर मोकळे, जागेवर भरलेले

योजनेला वेगाने जमीन हवी असल्यामुळे सरकारी जमीन नाममात्र भाड्याने देण्याची सोय ठेवलेली आहे, आणि गावात सरकारी जमीन म्हटले की बोट गायरानाकडे जाते. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या यादीत अशी जमीन फार सुबक दिसते: गट क्रमांक, क्षेत्र, ‘पोटखराब’ (लागवडीस अयोग्य), उपकेंद्रापासूनचे अंतर. तोच गट ऑगस्टमध्ये पायी फिरून पाहावा. एका बाजूला सोयाबीन उभे असते. त्याच्या कडेने तुरीचे तास काढलेले असतात. मधल्या उंचवट्यावर पत्र्याची चार घरे, त्यांच्यापुढे पाण्याची निळी टाकी आणि भिंतीवर घरपट्टीचा क्रमांक असतो. ओढ्याच्या काठाने मेंढ्यांच्या खुरांनी पडलेली, दोन गावांना जोडणारी पाऊलवाट असते, आणि एखाद्या कोपऱ्यात गावची स्मशानभूमी असते. यादीत यातले काहीच नसते. फार तर गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, काही नावे सापडतात, आणि ती सापडली तर शोधणाऱ्याने देवाचे आभार मानावेत, कारण पुष्कळ गावांत ही नोंदवही वर्षानुवर्षे अद्ययावत केलेली नसते.

या पत्र्याच्या घरांमागे मोठा इतिहास आहे. मराठवाड्यातील दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी पोट भरण्यासाठी पडीक गायराने फोडून वहितीला आणली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून हा लढा चालू आहे, आणि बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी तो पुढे नेला. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची पात्र अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी केली, पण प्रत्यक्षात पट्टे किती घरांना मिळाले हे गावागणिक वेगळे आहे. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी जपण्याचा निकाल दिला, त्याच वर्षी जुलैत राज्याने गायराने इतर कामांना देण्यावर निर्बंध घातले, आणि २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अतिक्रमणधारकांना काढून टाकण्याच्या नोटिसा गेल्या. इतक्या वर्षांच्या टांगत्या तलवारीखाली असलेल्या कुटुंबाला एके दिवशी मोजणीवाले आणि पाठोपाठ कुंपणाचे खांब दिसतात. त्याने विरोध केला नाही तरच नवल.

माझे स्पष्ट मत असे आहे की गायरान ही सर्वांत स्वस्त जमीन दिसत असली तरी जोखमीच्या हिशेबात ती बहुधा सर्वांत महाग असते. तिथे प्रकल्प होऊच नये असे नाही. खरोखर पडीक, खडकाळ, कोणाच्याही वहितीत नसलेले गायरान अनेक गावांत आहे. पण ते तसे आहे हे जागेवर जाऊन, कसणाऱ्यांशी आणि चारणाऱ्यांशी बोलून ठरवावे लागते, आणि पात्र कुटुंबांचे हक्क आधी निश्चित करून उरलेल्या क्षेत्राचा विचार करावा लागतो. हा क्रम उलटा झाला की पोलिस बंदोबस्तात मोजणी करावी लागते, आणि बंदोबस्तात उभारलेले कुंपण वीज खरेदी कराराची पुढची २५ वर्षे बंदोबस्तातच राखावे लागते.

असाच प्रश्न पाण्यावरही उभा राहतो. पैठणच्या नाथसागरावर तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथे मासेमारीवर जगणाऱ्या कहार समाजाच्या समितीने हरित लवादापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. २०२५ च्या मे महिन्यात तिथेही त्यांना दाद मिळाली नाही. जलाशयाचा सातबारा मच्छीमारांच्या नावे नसतो, पण त्यांची चूल त्याच पाण्यावर पेटते, आणि न्यायालयात हरलेला माणूस गावातून नाहीसा होत नाही.

‘ग्रामपंचायतीचा ठराव मिळाला, आता काय अडचण?’

हा सर्वांत नेहमीचा आक्षेप. योजनेत प्रकल्प असलेल्या गावच्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये देण्याची तरतूद आहे, त्यामुळे ठराव मिळणे फारसे कठीण जात नाही. पण ठराव कोणी केला हे पाहिले पाहिजे. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तीही अट राहत नाही. कायद्याने निर्दोष असलेला ठराव त्यामुळे वीस-पंचवीस माणसांतही होऊ शकतो.

त्यात आपल्याकडे ऋतूंचा एक विशेष आहे. बीड, धाराशिव, जालना आणि परभणीच्या अनेक तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाड्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तांडे आणि वस्त्या निम्म्या रिकाम्या असतात, आणि गायरान कसणारे किंवा बटईने जमीन करणारे बहुतेक लोक याच वस्त्यांत राहतात. जानेवारीत झालेल्या ठरावाच्या जोरावर फेब्रुवारीत कुंपण उभे राहिले आणि एप्रिलमध्ये कारखान्यावरून परतलेल्या माणसाला त्याचे वावर तारेच्या आत दिसले, तर तो जो गोंधळ घालील त्याला ‘ऐनवेळचा विरोध’ म्हणता येत नाही. त्याला कोणी विचारलेलेच नव्हते. ज्याला खरोखर जोखीम मोजायची आहे, त्याने हजेरीपटावरील सह्या मतदार यादीशी ताडून पाहाव्यात आणि कोणत्या वस्तीचे एकही नाव नाही ते शोधावे.

बटईदाराचा उल्लेख वर आलाच आहे. मालक शहरात राहतो, भाडे त्याच्या खात्यावर जमा होते, आणि दहा वर्षे तीच जमीन निम्म्याने करणाऱ्याचे पोट तुटते. कागदावर नाव नसल्याने त्याला बहुधा काहीच मिळत नाही, तरीही गवत कापणे, पॅनेल धुणे, राखण करणे ही कामे आधी त्याच्या घरात गेली पाहिजेत, असे मला वाटते. हे न्यायाचेही आहे आणि हिताचेही, कारण रात्री केबल चोरीला जाते तेव्हा सर्वांत आधी त्याच्याच कुत्र्याला कळते.

खांब कोणाच्या बांधावर?

प्रकल्पाची जमीन २० एकर असते, पण तिथून ३३/११ केव्ही उपकेंद्रापर्यंत दोन-तीन किलोमीटर तारा न्याव्या लागतात, आणि त्या वाटेत पंधरा-वीस शेतकऱ्यांचे बांध येतात. यांना भाडे मिळत नाही. मिळतो तो फक्त खांब. २००६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वीज परवानाधारकालाही जमीनमालकाची संमती किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तारायंत्र कायद्याखालील विशेष अधिकार सरकारने दिले असतील तर गोष्ट वेगळी, पण छोट्या प्रकल्पाने तसे गृहीत धरू नये. जागा निवडतानाच वाहिनीचा मार्ग नकाशावर आखून त्यातील प्रत्येक गटधारकाची लेखी संमती आणि पीकनुकसानीचा दर ठरवला नाही, तर पूर्ण उभा राहिलेला प्रकल्प एका बांधासाठी अडून राहतो. शक्य तेथे पाणंदीच्या किंवा रस्त्याच्या कडेने वाहिनी न्यावी. लांबी वाढली तरी एका महिन्याच्या उशिरापेक्षा ती स्वस्त पडते.

‘विरोध करणारे शेवटी पैशांसाठीच करतात’

काही जण करतात, आणि त्याबद्दल मराठवाड्याने गप्प बसता कामा नये. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. पवनऊर्जा प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटी रुपयांच्या खंडणीत ते अडथळा ठरले म्हणून हा खून झाला, असे तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात म्हटले आहे, आणि खटला न्यायालयात आहे. प्रकल्प वाऱ्याचा असो की उन्हाचा, वेळेचे गणित तेच आहे. काम थांबले की लाखांनी नुकसान होते, हे कंपनीप्रमाणेच खंडणी मागणाऱ्यालाही ठाऊक असते.

या घटनेकडे आणखी एका अंगाने पाहणे जरूर आहे. त्या गावात कामावरच्या सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहिला तो गावचा सरपंच. स्थानिक राजकारण म्हणजे निव्वळ अडवणूक, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. गावचे लोकच प्रकल्पाचे खरे संरक्षण असतात, पण त्यांना संरक्षण द्यावेसे वाटण्याजोगे नाते आधी जोडलेले असावे लागते.

म्हणून विरोध समोर आला की पहिले काम म्हणजे त्याचा प्रकार ओळखणे. ज्याची मागणी जमिनीशी, पिकाशी, वाटेशी किंवा हिश्श्याशी जोडलेली आहे, जो स्वतःच्या नावाने अर्ज देतो आणि ग्रामसभेत उभा राहून बोलतो, त्याला हक्काच्या भाषेत उत्तर द्यावे. जो जमीनदारही नाही, कसणाराही नाही, पण माल उतरवण्याचे, मुरमाचे, गाड्यांचे आणि राखणीचे सगळे काम आपल्याच माणसांना हवे म्हणतो आणि नाही म्हटल्यास काम होऊ देणार नाही असे सांगतो, त्याच्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली तक्रार करावी. यात घातक चूक म्हणजे दोघांना एकाच मापाने मोजणे. कंपन्या खंडणीखोराला गुपचूप पैसे देतात आणि गायरानधारकावर मात्र शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरतात, तेव्हा गावाला संदेश स्पष्ट मिळतो की इथे ताकदीची भाषाच चालते. एकदा दिलेली खंडणी पुढच्या प्रत्येक प्रकल्पाचा दर ठरवते. कोणाला कोणत्या कामाचे किती पैसे दिले याचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावण्याची पद्धत पडली, तर निम्मी कुजबुज आपोआप थांबेल.

‘पॅनेलमुळे पाऊस जातो, उष्णता वाढते’

पवनचक्क्या ढग पांगवतात ही समजूत दुष्काळी भागात जुनी आहे, आणि आता पॅनेलांबद्दलही तसे बोलले जाते. वीस-तीस एकरांतील काचा मोसमी पावसावर परिणाम करू शकत नाहीत. पाऊस शेकडो किलोमीटर पसरलेल्या वाऱ्यांवर आणि बाष्पावर ठरतो. पॅनेलांच्या लगतची हवा काहीशी अधिक तापते हे खरे, पण कुंपणापासून दूर जाऊ तसा तो फरक झपाट्याने कमी होतो. लागून असलेल्या शेतकऱ्याशी वाद नको असेल तर कुंपणाच्या आत काही मीटरची मोकळी पट्टी सोडून झाडे लावावीत. ही शंका हसण्यावारी नेऊ नये, कारण सलग दोन वर्षे पाऊस रुसलेल्या गावात ती शंका राहत नाही, रागाचे कारण होते.

पाण्याची शंका मात्र पूर्ण साधार आहे. पॅनेल धुवायला पाणी लागते. एप्रिलमध्ये गावाला टँकर चालू असताना कुंपणाच्या आत बोअरच्या पाण्याने काचा धुतल्या जात असतील, तर कोणत्याही परवानगीचा कागद तिथे उपयोगी पडत नाही. कोरड्या ब्रशने सफाई करणारी यंत्रे, पावसाचे पाणी साठवण्याचे तळे आणि टंचाईच्या महिन्यांत धुणे थांबवण्याचे लेखी वचन यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा. काळ्या जमिनीत पावसाळ्यात अवजड गाड्या नेऊन पाणंद रस्त्याचा चिखल करणे हेही असेच टाळता येण्याजोगे भांडण आहे.

‘२५ वर्षांत किती सरकारे बदलतील!’

बदलतीलच. आंध्र प्रदेशात २०१९ साली नव्या सरकारने सौर आणि पवन विजेचे जुने दर कमी करून घेण्याचा प्रयत्न केला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निकाल लागला, पण मधल्या काळात थकलेल्या पैशांचा ताण त्यांनाच सोसावा लागला. करार टिकतो, पैसे उशिरा येतात, असा याचा व्यवहारातला अर्थ. आपल्याकडील योजनेतले दर मुळातच तीन रुपयांच्या आसपास असल्याने ते मोडण्याचा मोह कोणत्याही सरकारला कमी होईल. महावितरणकडून देणी उशिरा मिळण्याची शक्यता मात्र हिशेबात धरावी आणि काही महिने तग धरता येईल इतके खेळते भांडवल हाताशी ठेवावे. जिल्हा परिषद आणि पंचायतीच्या निवडणुकांचे वेळापत्रकही पाहून घ्यावे, कारण आचारसंहितेत निर्णय थांबतात आणि प्रचारात प्रकल्प हा दोन्ही गटांचा मुद्दा होतो.

सही करण्याआधी शेतकऱ्याने

जोखीम मोजण्याचा हक्क फक्त कंपनीचा नाही. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे बंधनकारक आहे, म्हणून स्टॅम्पवरच्या साध्या करारावर ताबा देऊ नये. करार कोणाशी होतो आहे ते पाहावे: वीज खरेदी करार असलेल्या कंपनीशी, की जमिनी गोळा करून पुढे विकणाऱ्या मध्यस्थाशी? भाडे कोणत्या तारखेपासून सुरू होते, ताब्याच्या की वीज सुरू झाल्याच्या, हे शब्दांत लिहून घ्यावे, कारण या दोन तारखांत दीड-दोन वर्षांचे अंतर पडू शकते आणि तेवढ्यात दोन खरीप हातचे जातात. कंपनीला कर्जासाठी तारण ठेवता येईल तो तिचा भाडेपट्ट्याचा हक्क, जमिनीची मालकी नव्हे, हे कलम वकिलाकडून तपासून घ्यावे. भाडे सलग किती महिने थकले तर जमीन परत घेता येईल, कंपनी विकली गेली तर नव्या मालकावर जुन्या अटी बंधनकारक राहतील का, आणि वाद झाल्यास तो मुंबई-दिल्लीऐवजी आपल्याच जिल्ह्याच्या न्यायालयात चालेल का, ही कलमेही तितकीच महत्त्वाची आहेत. मुदत संपल्यावर पॅनेल, लोखंडी सांगाडे आणि जमिनीत गाडलेले काँक्रीटचे पाये काढून वावर पुन्हा नांगरता येईल अशा स्थितीत परत देण्याचा खर्च कंपनीचा राहील, असे लिहून घ्यावे, आणि त्या खर्चापोटी शेवटची काही वर्षे बँक हमी ठेवण्याची अट घालावी.